सगळ्यात मोठा बाजा, सगळ्यात मागची रांग

वरातीत नाचणाऱ्यांचं लक्ष असतं ट्रम्पेटवाल्याकडे. घरच्यांचं लक्ष असतं घोड्यावरच्या नवरदेवाकडे. मागच्या रांगेत, अंगाभोवती पितळेचा अजगर गुंडाळून घेतल्यासारखा जो माणूस चालत असतो, त्याच्याकडे पाहतात ती फक्त लहान मुलं! त्याच्या वाद्याचं नाव ट्यूबा. चालत वाजवण्यासाठी केलेला त्याचाच प्रकार म्हणजे सूझाफोन. बँडवाल्यांच्या भाषेत साधा शब्द आहे, ‘बेस’. कोलकात्यात सियालदहपासून पायी जाण्याच्या अंतरावर अशा बाजेवाल्यांची एक जुनी वस्ती आहे. तिथला बेसवाला आणि जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत बसणारा ट्यूबावादक यांचं वाद्य एकाच घराण्यातलं. मात्र दोघांच्या नशिबात आणि सवयींत किती फरक! आणि आज प्रश्न असा आहे, की वरातीतला हा खर्ज आणखी किती वर्षं ऐकू येणार?

स्टेशनापासून बाजेवाल्यांपर्यंत

सियालदह म्हणजे कोलकात्याचं एक गजबजलेलं दार. हावड्याइतकं नाव त्याच्या वाट्याला आलं नाही, पण गर्दी तेवढीच. उपनगरातून येणाऱ्या लोकल गाड्या, उत्तर बंगालच्या गाड्या आणि त्यांच्याबरोबरच उत्तर बिहारकडून येणाऱ्या काही गाड्या इथे रिकाम्या होतात. जयनगरहून येणारी गंगासागर एक्स्प्रेस त्यांतलीच एक. लग्नसराई जवळ आली की बिहारच्या गावांतून कोलकात्याला येणाऱ्यांत बँडवालेही असतात. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत क्लॅरोनेट किंवा ट्रम्पेट. बेसवाल्याच्या हातात मात्र बाजा नसतो. तो त्याचा नसतोच, मालकाच्या दुकानात भिंतीला टांगलेला असतो!

स्टेशनाबाहेर पडून पश्चिमेला महात्मा गांधी रोडने चालू लागावं. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही याचं नाव हॅरिसन रोड. डाव्या-उजव्या हाताला बैठकखाना बाजाराची गजबज, पुढे पुस्तकांनी भरलेला कॉलेज स्ट्रीटचा चौक. तिथून चित्तरंजन ॲव्हेन्यूकडे निघालं की बँडच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागतात. मेहबूब बँड हे त्यांतलं नावाजलेलं नाव. दुकानं लहान, रस्त्याकडे उघडी. भिंतीवर ओळीने टांगलेले बाजे, खुंट्यांवर जरीच्या पट्ट्या लावलेल्या लाल-निळ्या वर्द्या, कोपऱ्यात ढोल आणि पुढे गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला मालक किंवा मुनीम.

गिऱ्हाईक येतं ते बहुधा बडाबाजारकडचं मारवाडी किंवा हिंदी भाषक कुटुंब. बंगाली लग्नात परंपरेने सनई, शंख आणि बायकांची उलुध्वनी. घोड्यावरची वरात आणि बँड ही हौस मुख्यत्वे उत्तरेकडून आलेल्या मंडळींची. दुर्गापूजेच्या किंवा जगद्धात्रीच्या विसर्जनालाही बँडला बोलावणं येतं. आपल्याकडे बँडवाले ‘सुपारी’ घेतात, इथे ‘बायना’ घेतात. शब्द वेगळा, व्यवहार तोच. किती माणसं, किती तास, कुठून कुठे जायचं, यावर सौदा ठरतो.

किती माणसं, या प्रश्नातच बेसवाल्याचं भवितव्य दडलेलं असतं. एकवीसऐवजी अकरा माणसं हवी म्हटल्यावर कोणाला वगळायचं? ट्रम्पेटवाल्याला वगळता येत नाही, तो गाण्याची चाल वाजवतो. ढोलवाल्याला वगळलं तर नाचायचं कशावर? मग नजर वळते मागच्या रांगेकडे.

साडेपाच मीटर नळी आणि एक श्वास

हे वाद्य आहे तरी काय? एक लांबलचक पितळी नळी. एका टोकाला ओठांना लावायची वाटी, म्हणजे माउथपीस. दुसऱ्या टोकाला फुलासारखा उमललेला भोंगा. मोठ्या ट्यूबाची नळी उलगडून सरळ केली तर साधारण साडेपाच मीटर भरते, म्हणजे अठरा फूट! ती हातात मावावी म्हणून वेटोळी केलेली असते. वादक वाटीत ओठ थरथरवतो आणि ती थरथर नळीतल्या हवेला हलवते. खालच्या पट्टीतल्या एका सुराला ओठ सेकंदाला सुमारे ५८ वेळा थरथरतात. त्या सुराच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सहा मीटर. एवढी लांब लहर रस्त्याच्या कोपऱ्यावरून सहज वळते. म्हणूनच वरात पलीकडच्या गल्लीत असते तेव्हा गाणं नीटसं कळत नाही, पण ढोलाचा आणि बेसचा ‘धुम् धुम्’ आधी पोहोचतो.

सूर बदलण्यासाठी तीन किंवा चार पिस्टन असतात. पिस्टन दाबला की हवेला जास्तीच्या नळीतून वळसा घालावा लागतो, नळी लांब होते आणि सूर उतरतो. एका पिस्टनने अर्धा स्वर, दुसऱ्याने पूर्ण, तिसऱ्याने दीड. दोन-तीन पिस्टन एकदम दाबले की सूर थोडा चढा लागतो. हा दोष सुधारण्यासाठी चांगल्या वाद्याला चौथा पिस्टन बसवतात. स्वस्त वाद्याला तीनच. मग चढलेला सूर ओठांनीच खाली ओढायचा. महागड्या वाद्यात यंत्र जे काम करतं, ते काम गरिबाच्या वाद्यात माणसाचे ओठ करतात!

पितळी वाद्यांत ट्यूबा वयाने तशी लहानच. प्रशियातल्या विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी १८३५ साली तिचं पेटंट घेतलं. बसून वाजवायला ती छान, पण कवायतीत घेऊन चालायला अवघड. अमेरिकेतले प्रसिद्ध बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या नावावरून ओळखला जाणारा सूझाफोन १८९० च्या दशकात तयार झाला. त्याचं वेटोळं अंगाभोवती घालून वजन खांद्यावर घेता येतं आणि भोंगा डोक्यावरून पुढे डोकावतो. वरातीच्या फोटोत हमखास दिसणारा भलामोठा भोंगा तो हाच.

पाश्चात्त्य धाटणीचा बँड मात्र आपल्याकडे ट्यूबाच्याही आधी पोहोचला होता, आणि त्यात मराठी माणसाचा वाटा होता, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता. कर्नाटक संगीतातल्या रचना त्यावर वाजवल्या जात. त्या काळी ट्यूबा जन्माला यायची होती! कोलकात्यात बँड रुजला तो इंग्रजी फौजेमुळे. फोर्ट विल्यममधल्या पलटणींचे बँड, ईडन गार्डन्समधल्या बँडस्टँडवर संध्याकाळी होणारं वादन, हे सारं शहर ऐकत होतं. फौजी बाज्याची ऐट पाहून संस्थानिकांनी बँड ठेवले, त्यांचं पाहून शेठ-सावकारांनी वरातीला बँड बोलावले, आणि बघता बघता गल्लीतल्या लग्नातही बँड आला. फोर्ट विल्यमचं नाव आता ‘विजय दुर्ग’ झालं आहे, आणि तेही आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. नावाचा फेरा असा पूर्ण झाला!

मेरठचा बाजा, परदेशी बाजा

दोन ट्यूबावाले जगात कुठेही भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला. तुझा बाजा कोणता? पिस्टनचा की फिरत्या व्हॉल्वचा? किती पिस्टन? माउथपीस केवढा? क्रिकेटपटू बॅटबद्दल बोलतात तसे हे लोक तासन्‌तास वाद्याबद्दल बोलू शकतात.

परदेशातल्या व्यावसायिक वादकाचा ट्यूबा दहा हजार डॉलरच्याही पुढे जातो. त्याच्याकडे बऱ्याचदा दोन वाद्यं असतात. जाड, भरदार सुरासाठी एक आणि वरच्या पट्टीतल्या नाजूक कामासाठी दुसरं, आकाराने लहान. माउथपीस तर चष्म्यासारखा, ज्याचा त्याला. वाटीचा आतला व्यास साधारण ३२-३३ मिलिमीटर असतो. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी ओठांना कळतो.

महात्मा गांधी रोडवर लटकणारे बाजे बहुतेक मेरठचे. मेरठची जली कोठी ही वस्ती म्हणजे पितळी वाद्यांचं माहेरघर. १८८५ साली सुरू झालेल्या नादिर अली अँड कंपनीने आधी परदेशी वाद्यं आणून विकली, पुढे ती स्वतःच बनवायला घेतली. आज देशातल्या बँडवाल्यांना लागणारी पितळी वाद्यं मोठ्या प्रमाणावर मेरठहून येतात. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्यांचा जो नाद घुमत असे, त्याचीच ही बहीण म्हणा ना! पितळेचा पत्रा कापायचा, त्याची गुंडाळी करून सांधा डाखायचा, साच्यावर ठोकून ठोकून भोंगा फुलवायचा. नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून आत काहीतरी भरून घ्यावं लागतं आणि वाकवल्यावर ते वितळवून काढावं लागतं. हे सगळं करायचं आणि शेवटी घासून-पुसून आरशासारखं चकचकीत करायचं. कारण वरातीतला बाजा ऐकण्याआधी पाहिला जातो!

खरी परीक्षा होते ती पिस्टनची. पिस्टन आणि त्याचं घर यांत केसाएवढीही जास्त फट राहिली तर हवा निसटते आणि वादकाची दमछाक होते. फट कमी पडली तर पिस्टन अडकतो. इथे कारखान्यातलं अचूक यंत्र आणि हाताने केलेलं काम यांतला फरक उघड होतो. पण स्वदेशी बाज्याची एक जमेची बाजूही आहे. तो मोडला तर कुठेही दुरुस्त होतो. भोंग्याला पोचा आला, सांधा सुटला, की वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर पोचा काढून, डाख देऊन उभा करतो. कोलकात्यात लालबाजारजवळ रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकानं आहेत, तिथेही हे काम होतं. परदेशी वाद्याला एखादा सुटा भाग हवा झाला तर? पत्रव्यवहार, पार्सल आणि महिन्याची प्रतीक्षा! तोवर लग्नसराई संपून जायची.

वजनाचा प्रश्न वेगळाच. पितळेचा सूझाफोन साधारण १२ ते १५ किलोचा. परदेशात १९६० च्या दशकात फायबरग्लासचे हलके सूझाफोन आले आणि शाळा-कॉलेजांच्या बँडमध्ये ते खूप चालले. वजन कमी, पण जुने वादक कुरकुर करतात, की पितळेचा घुमारा त्यात नाही. वरातीत मात्र आणखी एक अडचण. पांढरं फायबरग्लास दिव्यांच्या उजेडात झळाळत नाही!

एकाचे चौदा सूर, एकाची चार तासांची पायपीट

आता सवयींची तुलना करू.

पहिला वादक सभागृहातला. मुंबईत २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या वाद्यवृंदात ट्यूबावाला मागे खुर्चीवर बसतो. मांडीवर वाद्य, समोर स्वरलिपीचं पुस्तक, वातानुकूलित हवा. त्याचं खरं काम म्हणजे वाट पाहणं! द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत ट्यूबाच्या वाट्याला येतात जेमतेम चौदा सूर. बाकी वेळ मोजत बसायचं. पण ते चौदा सूर चुकले तर सगळ्यांना कळतं.

दुसरा वादक फौजेतला. मध्य प्रदेशातल्या पचमढीला सैन्याच्या बँडवाल्यांचं प्रशिक्षण होतं. तिथे स्वरलिपी शिकवली जाते, रियाज ठरलेल्या वेळी, वाद्याची तपासणीही शिस्तीत. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होतो, तेव्हा याच शिस्तीतले बेसवाले एका रेषेत पावलं टाकताना दिसतात. महिन्याचा पगार बांधलेला.

तिसरा वादक सियालदहकडचा, वरातीतला. त्याच्याकडे स्वरलिपी नाही. काका, मामा किंवा गावातला उस्ताद यांच्याकडून कानाने शिकलेलं. नवीन सिनेमाचं गाणं गाजलं की ते मोबाइलवर ऐकायचं, ट्रम्पेटवाल्याने चाल बसवायची आणि बेसवाल्याने तिच्या खाली कोणता सूर धरायचा हे अंदाजाने शोधायचं. सिनेमाच्या गाण्यात हे काम बेस गिटार करतं. ते पितळी नळीतून काढायचं म्हणजे चेष्टा नव्हे. त्याला वाट पाहायला वेळच नाही. चार-चार तास चालत, थांबत, पुन्हा चालत वाजवायचं. समोर खड्डा आहे की वीजवाहिनी, हेही बघायचं. भोंगा डोक्यावरून वर जात असल्यामुळे लोंबणाऱ्या तारेची काळजी त्यालाच जास्त.

हवामानाचाही खेळ असतो. हवा गरम झाली की पितळी वाद्याचा सूर चढतो, थंडीत उतरतो. वाद्य जितकं मोठं, तितकं ते तापायला वेळ लागतो. म्हणून थंडीच्या रात्री वरात निघण्याआधी अनुभवी बेसवाला न वाजवता नळीत नुसती गरम हवा फुंकत उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा उगाच फुंकतोय! सभागृहातला वादकही पडद्यामागे नेमकं हेच करतो. वाद्य एकच, युक्ती एकच.

छातीचा भाता आणि फडक्याची सवय

बेसवाल्याचं भांडवल म्हणजे श्वास. जोरात वाजवलेला खालचा सूर काही सेकंदांत छाती रिकामी करतो. म्हणून नवशिका गाल फुगवून, मान ताणून जोर लावतो आणि दहा मिनिटांत थकतो. जाणता वादक जोर लावत नाही, हवा वाहू देतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे ट्यूबावादक आर्नोल्ड जेकब्स. १९४४ ते १९८८ अशी चौरेचाळीस वर्षं ते तिथे वाजवत होते. त्यांना दम्याचा त्रास होता आणि फुप्फुसांची क्षमता कमी होती! तरीही जगभरचे वादक श्वास शिकायला त्यांच्याकडे येत. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की स्नायूंचा विचार करू नका, मनात सूर धरा आणि हवा मोकळी सोडा. वरातीतल्या बेसवाल्याने हे नाव ऐकलेलं नसतं, पण पावलांच्या लयीवर श्वास बांधायचा, दोन ठेक्यांच्या मध्ये पटकन हवा भरून घ्यायची, हे तोही जाणतो. आपल्याकडे सनईवाल्यांना हा धडा घरातच मिळतो.

वाद्याची निगा ही दुसरी गोष्ट. वाजवून झाल्यावर ट्यूबातून पाणी काढतात ते पाहून मुलं ‘थुंकी, थुंकी’ म्हणून नाक मुरडतात. प्रत्यक्षात ते बहुतांशी श्वासातल्या वाफेचं पाणी असतं. ते काढून टाकण्यासाठी नळीला छोटी झडप असते. रोज पिस्टनला तेलाचे दोन थेंब, सरकणाऱ्या नळ्यांना थोडं ग्रीस, महिन्याकाठी कोमट पाण्याने आतून धुणं, आणि माउथपीस रोज स्वच्छ करणं ही चांगली सवय. नळीत बुरशी आणि जंतू वाढतात, आणि न धुतलेल्या पितळी वाद्यामुळे वादकाच्या फुप्फुसांना त्रास झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत.

इथेच मालकीचा मुद्दा आडवा येतो. बाजा दुकानाचा असला की आज या हातात, उद्या त्या हातात. त्याला आतून धुणार कोण? भोंगा मात्र रोज चमकवला जातो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसतो. जाणते वादक म्हणून निदान माउथपीस तरी स्वतःचा ठेवतात. खिशात, फडक्यात गुंडाळून. बाजा मालकाचा, पण वाटी आपली!

कानांचं दुखणंही सांगायला हवं. बेसवाला मागे असतो आणि त्याच्या आजूबाजूला ढोल-ताशे. रोजचा तो कल्लोळ कानांना सोसत नाही. परदेशी वाद्यवृंदांत वादक कानात बोळे घालतात. ते स्वस्त असतात. ही एक सवय आपल्या बँडवाल्यांनी उचलायला हरकत नाही.

चाकांवर आलेला बेस

आता मूळ प्रश्नाकडे. बेसवाल्याची जागा घेतली कोणी? चार चाकांच्या गाड्याने! गाड्यावर जनरेटर, मोठे कर्णे आणि कीबोर्ड. एक माणूस बोटाने कळ दाबतो आणि गाड्यातून असा बेस निघतो, की खिडक्यांची तावदानं थरथरतात. एका कीबोर्डवाल्याच्या मजुरीत तीन-चार माणसांचं काम होतं. मालकाचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. गिऱ्हाइकालाही ‘आवाज’ हवा असतो.

मग पितळी बेसचं काय होतं? काही ठिकाणी तो शोभेसाठी उरतो. संख्या भरून काढण्यासाठी वर्दी घालून, बाजा खांद्यावर घेऊन नुसतं चालणारा माणूस हे अनेक शहरांतल्या बँडांचं उघड गुपित आहे. फोटोत भोंगा दिसतो, सूर गाड्यातून येतो. ज्या माणसाने चार वर्षं ओठ आणि श्वास घडवला, त्याला न वाजवता चालायला सांगणं यापेक्षा मोठा अपमान कोणता? आणि ज्याला वाजवायचंच नाही, तो पोरगा हे वाद्य शिकेल कशाला?

महाराष्ट्रात हे चित्र नवं नाही. मुंबईत आणि कोकणात बेंजो पार्ट्यांनी, पुढे डीजेच्या भिंतींनी पितळी बँडची जागा बरीच खाल्ली. तरी पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँडसारखा जुना बँड मानाच्या गणपतीपुढे वाजतो, तेव्हा लोक आजही थांबून ऐकतात.

कोलकात्याच्या बाजेवाल्यांना मोठा तडाखा बसला तो २०२० मध्ये. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ऐन वैशाखातली लग्नं बंद पडली. पुढे लग्नं सुरू झाली तीही मोजक्या पाहुण्यांत. त्यात हे तोंडाने फुंकायचं वाद्य! बायना परत करायची वेळ आली. बँडवाल्याचं वर्ष तसंही तुकड्यातुकड्यांचं. बंगाली पंचांगातल्या पौष, चैत्र, भाद्र या महिन्यांत लग्नं होत नाहीत. तेव्हा अनेक जण गावी जाऊन शेती-मजुरी करतात. दोन सराया बुडाल्यावर काहींनी दुसरा धंदा धरला. ट्रम्पेटवाला परत येतो, त्याला मागणी असते. बेसवाल्याला कोण बोलावणार?

कायद्यानेही एक गोष्ट सुचवली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवायला बंदी आहे, वाद्यांनाही ही वेळ पाळावी लागते. आवाजाची मर्यादा कडकपणे पाळायची झाली तर तावदानं हलवणारा गाडा आधी अडचणीत येईल. माणसाच्या छातीतून निघालेल्या आवाजाला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे.

दुसऱ्या एका शहराची गोष्ट

हा सूर परत येऊ शकतो का? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराकडे पाहा. तिथेही बँड रस्त्यावर चालतो. लग्नातही आणि अंत्ययात्रेतही. १९८३ साली तिथे काही शाळकरी मुलांनी रिबर्थ ब्रास बँड सुरू केला. त्याच्या संस्थापकांतले फिलिप फ्रेझिअर हे वाजवतात ट्यूबा! त्या बँडमध्ये ट्यूबा मागे लपलेली नाही. गाणं तिच्यापासून सुरू होतं, बाकीचे तिच्या मागे येतात. २०१२ मध्ये या बँडला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुलांना आपल्या भागातला ट्यूबावाला हिरो वाटला, म्हणून ती शिकली.

न्यूयॉर्कमध्ये १९७४ सालच्या नाताळात शेकडो ट्यूबा आणि युफोनियमवाले एकत्र जमले आणि त्यांनी नुसत्या खर्जातल्या वाद्यांवर नाताळची गाणी वाजवली. ‘ट्यूबाख्रिसमस’ नावाचा हा मेळा पुढे अनेक शहरांत भरू लागला. तिथे हौशी आणि नामवंत शेजारी बसतात, एकमेकांचे बाजे पाहतात, तेल कोणतं वापरतोस असं विचारतात. एरवी मागे बसणाऱ्यांचा तो वर्षातला एक दिवस.

आपल्याकडे असं काही करायला फार मोठा खर्च लागणार नाही. खर्जाचं मोल आपल्याला नव्याने शिकवायला नको. तंबोऱ्याची खर्जाची तार तुटली तर मैफल थांबते. सनई-चौघड्यात एक जण नुसता सूर धरून बसतो, पोवाड्यात झीलकरी सूर उचलून धरतात. त्यांच्यासाठी तिकीट काढून कोणी येत नाही, पण त्यांच्याशिवाय चालतही नाही. बँडमधला बेसवाला हा त्याच कुळातला.

तेव्हा घरात लग्न निघालं आणि बँड ठरवायला गेलात, मग ते कोलकात्यातलं महात्मा गांधी रोडवरचं दुकान असो की आपल्या गावातलं, ‘किती माणसं’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. ‘बेस वाजवणारा आहे का? नुसता धरणारा नको, वाजवणारा हवा.’ गाडा नको, दोन माणसं जास्त द्या, एवढं म्हटलं तरी पुरे. मालक गिऱ्हाइकाच्या मागणीवर चालतो. मागणी आली तर भिंतीवर टांगलेला भोंगा खाली उतरेल, पिस्टनला तेल पडेल, आणि फडक्यात गुंडाळलेला एखादा माउथपीस पुन्हा खिशातून बाहेर येईल.

आणि वरात निघाली की एकदा मागे वळून त्या माणसाकडे पाहा. लहान मुलं पाहतात तसं!